टाकीचा जोड

पाऊणशे मिली,
म्हणजे टपरीवरचा एक चहा,
एवढंच मावतं तिच्यात.
तरी त्या रविवारी दिघोरीच्या मैदानात
माझी गाडी वळणावर एकदम किंचाळली.
रिमोटचा खटका सोडला तरी आवाज उतरेना.
धावत जाऊन उचलली,
पोट तेलानं ओलं.

नीडल अर्धा फेरा उघडली, मग आणखी अर्धा.
वाटलं, हवेचा दोष असेल.
नागपूरचा एप्रिल,
त्रेचाळीस अंश,
दोष टाकायला बरा असतो.

दोष टाकीचा होता.
तळाशी, स्क्रूच्या कानाजवळ
नख फिरवलं तरच कळेल अशी भेग.
सायलेन्सरकडून येणारा दाब
तिथून निसटायचा,
आणि इंजिन उपाशीपोटी ओरडायचं.

आधी फेविक्विक लावलं.
नायट्रोनं ते दुसऱ्या दिवशी
बत्ताशासारखं खाल्लं.
मग इतवारीतून दोन नळ्यांचं एपॉक्सी,
रात्रभर कूलरसमोर वाळवलेलं;
सकाळी खपलीसारखं अख्खं हातात आलं.
मग एम-सील.
त्याबद्दल बोलत नाही.

"नवीन आणा न एक," कुंदा म्हणाली.
म्हटलं, कंपनीनं हे मॉडेल कधीच बंद केलं.
तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं
आणि भाजी चिरायला लागली.

बकाराम दर बुधवारी आमच्या गल्लीत येतो.
सायकलच्या मागे शेगडीचा डबा, त्यात दोन सळया,
"बालटीऽ टबऽ घमेलेऽ जोडून घ्या."
टाकी हातात घेऊन त्यानं आधी हुंगली.
"पेट्रोल होतं का याच्यात?"
"नाही. मिथेनॉल, नायट्रो अन् एरंडेल."
"एरंडेल?" तो हसला.
"मायनं पाजलं होतं लहानपणी.
आता गाडीलेबी पाजून राहिले का?"
मग हसू पुसून म्हणाला,
"धुऊन काढा. उनात ठेवा आठ दिवस.
वास असला तर मी सळई लावत नाही.
ड्रम जोडता जोडता
भिवापूरले माझ्या साळ्याचा हात गेला."

आठ दिवस टाकी गच्चीवर,
कुंदाच्या मुगवड्यांच्या ताटाशेजारी.

पुढच्या बुधवारी त्यानं पिशवीतले
निळे, लाल, हिरवे तुकडे चाळले
आणि सगळे परत टाकले.
"याचंच प्लास्टिक पाहिजे. देता का कुठून?"
टाकीला एक जास्तीचा कान होता,
कशालाच न लागणारा. तो कापून दिला.
"प्लास्टिकले जात असते, भाऊ.
दुसऱ्या जातीचं धरत नाही.
मानसाचं तसं काही नसते,"
असं म्हणत तो शेगडी फुंकायला वाकला.
राख उडाली.
मला काही बोलायचं होतं की नाही
ते आता आठवत नाही.

आधी भेगेच्या दोन्ही टोकांना
तापल्या सुईनं एकेक भोक पाडलं.
"भेग पयते. तिचे पाय पयले बांधावं लागते."
मग सळई, मग कानाची वितळती कातर,
धूर, डोळ्यात पाणी, पुन्हा सळई.
जोड झाला तो काही देखणा नव्हता.
लहानपणच्या भाजल्याच्या डागासारखा
जाड, मळकट, थोडा वर आलेला.

एक नळी चिमटीत धरली, दुसरी तोंडात,
टाकी बादलीत बुडवली आणि गाल फुगवून फुंकलं.
बुडबुडा आला.
माझा जीव खाली गेला.
"झाकनावरची हवा होय ते. थांबा."
थांबलो.
पाणी गप्प राहिलं.

तीस रुपये घेऊन तो गेला नाही.
म्हणाला, चालू करून दाखवा.
मी दोरी ओढली; चौथ्या ओढीला पेटली.
गल्लीतली कुत्री भुंकत सुटली,
देशकरांच्या घरातून कोणी ओरडलं,
निळसर धुरात एरंडेलाचा वास भरला.
गाडी विजेच्या खांबापर्यंत गेली आणि आली.
मुलं गाडीकडे बघत होती.
बकाराम खाली बसून
जोडावर बोट फिरवत होता,
बोट कोरडं आहे का ते पुन्हा पुन्हा बघत.

रविवारी झाकणाची स्प्रिंग तुटली.
आता तिथे रबर बँड आहे.
पुढचं चाकही थोडं लंगडतं.

बुधवारी सायकल न थांबवता तो विचारतो,
"ओली होते का?"
"नाही," मी म्हणतो.
"मग ठीक हाय."
आणि वळणापलीकडून
बालटीऽ टबऽ