नखतपासणी

सोमवारी नखं बघायची, हा नियम मीच केला.
मानखुर्दचं संक्रमण शिबिर, सात नंबरची बिल्डिंग,
जिन्याखाली जिथं सायकली लावायच्या
तिथं आमची शाळा.
भिंतीवर हात धुण्याचा तक्ता:
सहा चित्रं, गोबरे हात,
आणि एक नळ, अखंड वाहणारा.

"बाई, चित्रातल्या नळाला किती वाजता येतं?"
यल्लप्पानं विचारलं. खोडी नव्हती त्यात.
आईला सांगायचं होतं त्याला.

आमच्याकडे पावणेतीनला येतं. कधी येतच नाही.
म्हणून आम्ही कोरडेच हात धुतो:
तळव्यावर तळवा, बोटांत बोटं,
अंगठा मुठीत धरून गोल गोल.
शेवटी मुलं हात झटकतात
आणि पुढच्या रांगेतली तोंड चुकवतात,
शिंतोडे उडाल्यासारखी.

जुलाबानं तिघं गैरहजर. मी साबणावर बोलते.
साबणाचं मला सगळं माहीत आहे.
पाण्याचं त्यांना.
दिलशाद बाटलीच्या एका टोपणात
दोन्ही हात धुऊन दाखवते,
टोपणाच्या तळाशी उरलेलं
शेजारच्या सुमेधच्या तळव्यावर ओतते.
माझ्या प्रशिक्षणात टोपण नव्हतं.

इंद्रायणीनं हात पाठीमागे नेले.
"दाखव गं. रागावत नाही."
दहाही नखांत निळं. शाई नव्हे, भुकटी.
रविवारी भावाबरोबर नाल्याकाठी गेली होती,
पाडलेल्या वस्तीत, लोखंड मिळतं का बघायला.
लोखंड आधीच कुणी नेलेलं.
"मग काय केलंत?"
"आमची भिंत होती थोडी. गुडघ्याएवढी.
खरवडली."

जंतू, मी म्हणाले. नखांतून पोटात जातात.
पाचवं चित्र बघ.
तिनं बघितलं. शहाणी आहे.
मी नेलकटर तिच्याच हातात दिलं.
नऊ बोटं तिनं नीट कापली,
कातरण कागदावर गोळा केलं,
पुडी बांधून डब्यात टाकली, शिकवलंय तशी.
करंगळी मिटून घेतली.

मी वहीकडे वळले. रकाना होता: नखे.
स्वच्छ, असं लिहिलं.

तेवढ्यात वरून कुणी ओरडलं, "आलं!"
आणि वर्ग रिकामा. दप्तरं तिथंच, चपला तिथंच,
जिन्यात कळश्यांचा आवाज.
घड्याळात दोनसुद्धा वाजले नव्हते.