सूर सोडताना

किथलीत, रेल्वेपुलाजवळच्या चॅपलमध्ये
ऑर्गनच्या पोटात मी आडवी,
दातांत टॉर्च.
वरून विनिफ्रेड हर्स्ट विचारतात,
"उंदीर आहेत का?"
उंदीर नाहीत. काजळी आहे.

एकेका पट्टीखाली चांदीची तार,
तिच्या टोकाला खड्डे,
किडक्या दाढेसारखे.
मधल्या सुरांचे सगळ्यांत खोल.
उजवीकडच्या शेवटच्या पट्टीची तार मात्र लखलखीत,
तिथवर कुणाचा हात जातच नाही.

सातपूरला मी तेवीस वर्षं रिले जुळवले.
लाईनवर नवी आलेली पोरं विचारायची,
बाई, दाबताना नाही, सोडतानाच का जळतं?
वेटोळ्यात शिरलेला प्रवाह हट्टी असतो रे.
पूल उचललात की
चौदा व्होल्टचा गरीब चारशेचा होतो,
फटीवरून उडी मारतो,
दोन्ही काठ जाळतो.
अडवू नका त्याला,
मागच्या अंगणात फिरायला वाट द्या.
फिरेल, दमेल, बसेल.

म्हणून एकसष्ट चुंबकांवर एकसष्ट डायोड.
रेघ धनाकडे, रेघ धनाकडे,
पुटपुटत होते, तरी
चव्वेचाळिसावा उलटा बसला.
त्या पट्टीवर बोट पडलं आणि फ्यूज गेला.
भाता फुगलेला, वारा तयार,
आणि एक नळी बोलेना.
विनिफ्रेडबाई हसल्या नाहीत.
चहा आणला,
न विचारता दोन चमचे साखर घालून.

शनिवारी त्यांनी वाजवून पाहिलं.
मी दिवे मालवून तारांकडे टक लावली,
एकही ठिणगी नाही.
पण त्या थांबल्या.
"सूर उशिरा सुटतोय."

माझ्या कानांना कळलं नव्हतं.
त्यांच्या बोटांना कळलं,
सांधे सुजलेल्या, एकोणऐंशी वर्षांच्या.

बरोबर होतं त्यांचं.
वाट फारच सोपी करून ठेवली होती मी.
प्रवाह अंगणात रेंगाळत होता
आणि चुंबक झडप धरून बसलेलं,
उंबऱ्यात चपला घालूनही
बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखं.

मग प्रत्येक डायोडच्या वाटेत एक रोध,
दोनशेवीस ओमचा चढ.
पुन्हा एकसष्ट डाग, पुन्हा दातांत टॉर्च,
मानेत उसण.
चांदीला आता थोडं सोसावं लागेल:
चारशे नाही, पंचेचाळीस.
तेवढं कुणालाही लागतं.

त्यांनी एक सूर आखूड तोडला.
मग दुसरा. मग भराभर सात-आठ,
सुरीने गाजर चिरावं तसे.
शेवटच्या सुरानंतर
छताखाली काहीच उरलं नाही,
पुलावरून जाणारी गाडी तेवढी ऐकू आली.

"वाईट नाही," म्हणाल्या.
यॉर्कशरमध्ये याहून जास्त
कुणी कुणाला म्हणत नाही.

उलटा बसलेला तो डायोड,
पाय वाकलेला,
माझ्या पर्समध्ये आहे, सुट्या पेन्सांत.
बसच्या तिकिटाला हात घातला
की टोचतो.