मानस

मंडूरच्या खाजनात मानस म्हणजे मन नव्हे.
बांधाच्या पोटातली लाकडी दारं ती.
भरती चढली की खाडीच त्यांना पाठ लावते, मिटतात;
ओहोटीला शेतातलं पाणी आतून ढकलतं.
बाबा चव्वेचाळीस वर्षं त्या मानशीवर.
रात्री दोनला कंदील, दाराच्या तोंडाशी जाळं,
सुंगटं, शेवटे, एखादी चिडलेली कुर्ली.

आता उजवा हात त्यांना न विचारता हलतो,
जाळं झटकल्यासारखा,
आणि जाळ्यात काही नसतं.

बांबोळीला डॉक्टर आयरिन कुलासोंनी
केसपेपरच्या पाठीवर रेघ ओढली.
रक्त इथवर येतं. पुढे भिंत.
मेंदू सहसा परक्याला आत घेत नाही,
विष नाही, तसंच औषधही नाही.
म्हणून सुईतून बुडबुडे सोडायचे, डोळ्यांना न दिसणारे,
बाहेरून आवाज पाठवायचा, कानांना न कळणारा.
बुडबुडे थरथरतील, भिंतीला बारीक फटी पडतील,
तेवढ्यात औषध आत.

"थरथरीवर थरथर?" बाबा हाताकडे बघत म्हणाले.
मग बराच वेळ गप्प.
मग: "आणि बंद कोण करणार?"

"आपोआप होतं. उद्यापर्यंत."

"आपोआप काही बंद होत नाही, बाय.
हिच्या जन्माच्या वर्षी एक फळी सैल राहिली.
खारं पाणी शिरलं ते एका रात्रीत,
कोरगूट उगवायला तीन वर्षं लागली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
"पहिली रात्र इथेच ठेवू. दर तासाला बघू."
"म्हणजे राखण."
"हो, राखण."
एवढ्यावर त्यांनी सही केली, वेडीवाकडी,
आणि वेळ स्वतः मागून घेतली:
अष्टमी, सकाळी अकरा. पाणी उतरलेलं असतं.

वॉर्डातल्या न्हाव्याने डोकं भादरलं
तेव्हा आईने तोंड फिरवलं.
आमच्याकडे हे कुणी गेल्यावरच होतं.

काचेपलीकडे ते आडवे,
डोक्याभोवती टोप, टोपात गार पाणी खेळतं.
स्पीकरमधून त्यांचा आवाज आला: "चढतंय."
"आजोबा, हलू नका," तंत्रज्ञ म्हणाला.
नेमकं तेच, ज्यासाठी आम्ही आलो होतो.

रात्रभर नर्स टॉर्च घेऊन येत राहिली,
बुबुळांत उजेड टाकून जात राहिली.
मी खुर्चीत.
कुठून तरी पाणी ठिबकत होतं,
मी उठून दोन नळ घट्ट केले. तिसरा सापडला नाही.

पहाटे बाबांनी डोळे उघडले.
"लागलं दार?"
"सकाळी फोटो काढतील, मग कळेल."
"आणि आत गेलं ते?"
"त्याला महिने लागतात म्हणे."

हात चादरीवर हलतच होता.
मी त्यावर हात ठेवला नाही.

"मानशीवर आज कोण?"
"उगम."
"दोर ओला असेल," ते म्हणाले.
"त्याला फोन कर. सांग, दोनदा गुंडाळ."