रेघ दिसायला नको

सुकेशिनी मेश्राम, वय सत्तावन्न,
(नाव ठेवलं तेव्हा डोक्यावर केस नव्हते म्हणे)
वीज मंडळात लोकांची बिलं दुरुस्त करण्यात हयात गेली,
गोकुळपेठेत माझ्या दुसऱ्या मजल्यावर
दम खात बसली, म्हणाली,
"काळ्या मेंदीचा कंटाळा आला व माय.
दर तिसऱ्या रविवारी भांगात पांढरी रेघ उगवते,
साऱ्या ऑफिसले दिसते.
असं काही कर, का रेघच नाही पडली पाहिजे."

मी एक बट उचलून तळहातावर घेतली.
ब्रश मुळापासून चार बोटं खाली टेकवला,
तिथे नुसता स्पर्श,
खाली जाता जाता भर.
हे मला पुण्यात शिकवलं, साठ हजारांत.
त्याआधी फुकट शिकवलं होतं
वाडी नाक्यावर, ट्रकच्या फाळक्याशी उकिडवं बसून
मोराचं पीस ओढणाऱ्या माझ्या बापानं:
रंग कुठं सुरू झाला हे समजलं
तर तो मोर नाही,
डबा सांडला.

पाऊण तासानं पुसून पाहिलं.
वीस वर्षांच्या मेंदीखालून निघाला
अस्सल संत्रा.
मी गप्प. ती आरशात वाकली,
"नागपूरची आहो मी, दुसरं काय निघन?"
आणि खुर्ची हलेपर्यंत हसली.
मग मी वरून राखेचा रंग दिला,
थंड, करडा,
तिच्या पांढऱ्याला सोबत होईल असा.

आता सांभाळायचं कसं ते ऐका, म्हटलं.
आठवड्यातून दोनदाच धुवा.
बोअरचं पाणी नको, तांबूस पडतात,
नळ येईल तेव्हा एक बादली बाजूला काढा.
जांभळा शांपू पंधरवड्यातून एकदा,
पांढऱ्या लुगड्याला नीळ देतो तसा, दोन मिनिटं,
जास्त ठेवला तर जांभळ्या व्हाल.
आणि तेल रात्रभर नको.
"तेल नाही?"
इथे ती उठायलाच निघाली.
बरं, लावा. टोकांना. तासभर.
तिनं सगळं बिलाच्या पाठीवर लिहिलं, क्रमांक घालून,
आणि सवयीनं खाली
बेरजेची रेघ ओढली.

पैशांवर अर्धा तास गेला.
"एवढ्यात माह्या दोन खोल्यांचा डिस्टेंपर होते."
पाचशे सोडले मी.

मे महिना. लक्ष्मीभवन चौकात सिग्नल लागला.
सेहेचाळीस डिग्री. साऱ्या बाया स्कार्फमध्ये,
गॉगल, हातमोजे, कोण कुणाची ओळखू येत नाही.
पुढच्या ॲक्टिव्हावर पांढरा स्कार्फ,
कानामागून घट्ट,
आणि त्यातून एक बट
बाहेर.
सुटलेली नव्हती. पिन लावली होती तिला.
टोक परत संत्र्यावर चाललं होतं,
बोअरचंच पाणी असणार.
ओरडावं वाटलं, शांपू संपला का हो?
पण गळ्याशी काहीतरी अडकलं,
धूळच असेल.

"ओ ताई," मागून ऑटोवाला,
"पाहून काय राहिल्या? हिरवा झाला, चला ना!"