खिशाखालचा निळा

लासलगावच्या कांद्याची साल उकळली
की पहिल्या पाण्याला उन्हाचा रंग येतो,
दुसऱ्याला गुळाच्या चहाचा,
तिसऱ्याला नुसतीच आशा.
चौथं पाणी मी कढीपत्त्याला घालते.

सिडकोतल्या दोन खोल्या, मागं मोरीएवढी गच्ची.
तिथं माझे डबे: हिरडा, तुरटी,
सटाण्याहून आलेली डाळिंबाची सालं,
आणि एका बरणीत, गुळाच्या पाण्यात बुडालेले
अंबडच्या कुठल्याशा लेथखालचे गंजके खिळे.
पंधराव्या दिवशी झाकण उघडते
तेव्हा शेजारच्या पगारेबाई
आवाज होईल अशा बेतानं खिडकी लावतात.

नळाला धरणाचं पाणी असलं तर पिवळा उजळतो,
टँकरचं असलं तर रुसतो.
मी दोन्ही वापरते.

कापड विकत घेत नाही.
चांगुणा बोहारीण पातेलं देऊन कपडे घेते,
मी तिला चहा आणि वर वीस रुपये देऊन
त्यातलं निवडून घेते.
"ताई, तुम्ही म्हणजे बोहारणीची बोहारीण."
माझ्या कामाचं इतकं नेमकं परीक्षण
अजून कुणी केलेलं नाही.

मार्चमध्ये तिच्या गाठोड्यात निघाले
कारखान्याचे तीन शर्ट, निळे,
म्हणजे कधीकाळी निळे.
कॉलरच्या आत बॉलपेननं: पगारे, टोकन ४१७.
मी काही बोलले नाही.
चांगुणाही चहा फुंकत राहिली.

उसवायला ब्लेड घेत नाही मी,
सुईच्या टोकानं एकेका टाक्याला विचारत जाते.
डाव्या छातीवरचा खिसा सुटला
आणि खाली निघाला एक चौकोन
गडद, करकरीत,
पहिल्या पाळीच्या पहिल्या सकाळचा.
बावीस वर्षांचं ऊन, साबण, ऑइल, घाम,
काहीच तिथवर पोचलं नव्हतं.
शिवणीत तेवढी चिमूटभर तंबाखू,
तिचाही वास गेलेला.

टेरिकॉट कांद्याला सहज दाद देत नाही.
अर्धा धागा रंग घेतो,
अर्धा तोंड फिरवतो.
चौकोनावर द्राक्षपेटीच्या दोन फळ्या आवळून बांधल्या
आणि बाकीचा शर्ट सोडला पातेल्यात.
मग त्याच्याभोवती बसवत गेले
कांद्याच्या गोणीची लाल जाळी,
येवल्याच्या मागावरची तुटकी जर,
हनीफ मास्तरांच्या दुकानातल्या अस्तराच्या पट्ट्या,
गंजाच्या पाण्याचे काळे ओघळ,
हिरड्यानं अजूनच काळे केलेले.
दीड महिना.
दोनदा सगळं उसवलं, एकदा रडलेही,
ते जरीमुळे, बोटात गेली होती.

पगारेबाई आल्या त्या वासाची तक्रार घेऊन.
भिंतीपुढं थांबल्या.
तक्रार कुठं ठेवावी ते त्यांना कळेना,
म्हणून चप्पल काढली.

"ह्यांना सांगू नका," म्हणाल्या.
"मॉलवर आता चॉकलेटी ड्रेस आहे.
हे तीन ते कपाटात इस्त्री करून ठेवायचे.
मी दिले. कपाट लहान आहे."

मग बोटानं पिवळा दाखवून,
"पक्का आहे का?"
नाही, उडेल हळूहळू.
"आणि हा काळा?"
राहील. पण लोखंड आहे,
कापडच खाईल कधीतरी.
बोट चौकोनापाशी आलं, टेकलं नाही.
"आणि हा?"

हा मी दिलेलाच नाही, म्हटलं.

त्या बराच वेळ उभ्या होत्या.
कुकरची शिट्टी झाली त्यांच्याकडं, दुसरी झाली,
तेव्हा गेल्या.

सकाळी दाराशी कांद्याची सालं,
काठोकाठ, नव्याकोऱ्या स्टीलच्या पातेल्यात.
बुडाला चांगुणाच्या दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली.
जिन्यातून आवाज आला,
"पातेलं तेवढं परत द्या."

खिडकी त्या अजूनही लावतात.