प्रश्न सहावा, दुरुस्ती

दांडिया बाजारातल्या आमच्या माडीवर
कपाटात डोकं घालून मी मुलाखती घेत होते.
साड्यांमध्ये आवाज घुमत नाही,
आणि बाहेरच्या खोलीत नवऱ्याची मीटिंग, मुलीचा सहावीचा भूगोल.

तो मकरपुऱ्यात, जीआयडीसीमागच्या चाळीत,
पाण्याच्या टाकीवर चढलेला. खाली रेंज नव्हती.
एरवी रिक्षानं वीस मिनिटं.

आधी संमतीपत्रक वाचलं, माझ्या बडोदी हिंदीत:
तुम्ही केव्हाही थांबू शकता, कारण द्यायची गरज नाही,
थांबल्यानं तुमचं काही नुकसान होणार नाही.
तो हसला. हे परत एकदा वाचा ना, म्हणाला,
फॅक्टरीत असं कुणी बोललं नव्हतं.
मी परत वाचलं.

अहवालासाठी एखादं खोटं नाव सांगा.
दिलखुश लिहा.
दिलखुश खराखुरा होता, त्याच्याच खोलीतला,
मंगळवारी सायकलवर दरभंग्याला निघालेला.
गोध्र्यापर्यंत फोन लागत होता.

प्रश्न सहावा. दिवसातून किती वेळा जेवता?
दोनदा. पटकन.
मागे कुकरची शिट्टी.
टेप उतरवताना तीनदा ऐकलं,
शिट्टी माझ्याच घरातली होती.
लिहिलं: पार्श्वभूमीला आवाज.
त्यापुढे: विराम, चौदा सेकंद.
विरामाला संकेतांक नव्हता, 'इतर'मध्ये टाकला.

वय एकोणीस. लेथवर अकरा महिने.
मानधन दोनशेचं रिचार्ज.
त्यातनं आईशी बोलला असेल, नाहीतर लुडो खेळला असेल,
मी विचारलं नाही, प्रश्नावलीत नव्हतं.
ठेवता ठेवता त्यानंच विचारलं,
तुमच्याकडे सगळे बरे?

जूनपासून नंबर बंद.
यादीत त्याच्यापुढे लिहिलं, गळती.
हा आमच्या धंद्यातला शब्द.
नळालाही चालतो.

दिवाळी उलटल्यावर अनोळखी नंबर.
मॅडम, दिलखुश बोलतोय.
कोणता, मी म्हणून गेले, आणि जीभ चावली.
दोघंही आहोत, म्हणाला, परत त्याच खोलीत.
मला सहावं उत्तर बदलायचंय.
एकदाच जेवायचो तेव्हा. कधी नुसते मुरमुरे.
तुम्ही पहिल्यांदाच बोलत होता,
पहिल्या भेटीत असलं कसं सांगणार?

अहवाल सप्टेंबरातच गेला होता.
तक्ता तीन: बहुतांश युवक दोन वेळ जेवतात.
त्या 'बहुतांश'मध्ये तो होता,
आणखी किती जण पहिल्याच भेटीतले, देव जाणे.

अंगठा सवयीनं लाल बटणाकडे गेला.
टेप नको, तो म्हणाला, नुसतं लिहून घ्या.

हाताशी पेन नव्हतं.
भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर
पेन्सिलीनं लिहिलं, एकदा.
खाली, तो सांगत गेला तसा,
एप्रिलमधला मुरमुऱ्यांचा भाव.