पक्का काळा

चव्वेचाळीस डिग्रीत काळ्या जीन्स घालून
आम्ही कन्ना चौकात उभे राहायचो.
रेवणसिद्ध, तौफिक, यमुलांची श्रीलता आणि मी.
एका डोळ्यावर झुलूप.
उरलेल्या एका डोळ्यानं आख्खं सोलापूर बघायचं.

रसवंतीवाला विचारायचा, "कोण गेलं बे?"
कोणी गेलेलं नसायचं.
तेच तर सांगता येत नव्हतं.

बाजारात काळे टीशर्ट होते, पण त्यांच्यावर वाघ होता.
म्हणून चार पांढरे घेऊन काकांच्या डाइंगमध्ये गेलो.
काका म्हणाले, लाल एका उकळीत बसतो,
काळ्याला वेळ द्यावा लागतो,
घाई केलीस तर घामात उतरेल.
आम्हाला संध्याकाळपर्यंत हवे होते.
पहिल्याच घामात तो मानेवर उतरला,
मग उशीवर,
मग आईच्या विड्यांच्या सुपावर, जिथं मी डोकं टेकून
झोपेचं सोंग घेतलं होतं.

केस सरळ करायला पार्लरचे पैसे नव्हते.
चादरींच्या घड्या दाबायच्या इस्त्रीखाली
रेवणनं मान ठेवली, श्रीलतानं हात फिरवला.
जळक्या केसांचा वास आठवडाभर गेला नाही,
कारण नळाला पाणी चार दिवसांआड.
बँडचं नाव त्यावरूनच पडलं: चौथा दिवस.

गाणी पेनड्राइव्हवरून आली, सायबर कॅफेतून, दहा रुपये तास.
इंग्रजी निम्मं कळायचं.
उरलेलं निम्मं ओरडणं होतं,
ते पूर्ण कळायचं.

आमच्याकडे तेलुगू, रेवणच्या घरी कन्नड,
तौफिकची अम्मी दखनी बोलायची, शाळा मराठी.
चारही भाषांत "मला कसंतरी होतंय" म्हटलं
की क्रोसिन मिळायची.

कॉलेजात मॅडमनी माझ्या मनगटावरचा पट्टा काढायला लावला.
वर्ग मान उंचावून बघत होता.
आत पट्ट्याएवढी गोरी कातडी, बाकी काही नाही.
मॅडम आधी सुटल्या, मग चिडल्या.
"नाटकं," म्हणाल्या.
मॅडम, मरायचं नव्हतं ओ.
रडायचं होतं, आणि तेसुद्धा सुरात,
आणि कुणीतरी ड्रम वाजवत असताना.

सुट्टीच्या वारी अप्पांच्या शेडमध्ये माग बंद असायचे.
तिथंच आम्ही वाजवायचो, सुताच्या कोंड्यात, खोकत.
श्रीलतानं लिहिलेलं एकच गाणं होतं:
जेवलास का, सगळे विचारतात,
त्याच्या पुढचा प्रश्न
कुणाच्याच घरी नाही.
रेवण ते डोळे मिटून ओरडायचा,
पत्र्यावरची कबुतरं उडेपर्यंत.

एकदा अप्पा तेलाचा डबा न्यायला आले.
तीस वर्षं मागावर. कान केव्हाच गेलेले,
माणसांच्या ओठांवरून ऐकायचे.
रेवणच्या ओठांवर माइक होता.
मग त्यांनी स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवला
आणि तसेच उभे राहिले, गाणं संपेपर्यंत,
थान तपासताना राहतात तसे.

"तिसऱ्या ठोक्याला धागा तुटतोय," अप्पा म्हणाले.
तौफिकनं काड्या खाली ठेवल्या. खरंच तुटत होता.

"परत लाव."

हे त्यांनी ओरडून सांगितलं.
रिकाम्या शेडमध्ये, बंद मागांसमोर,
अप्पा तसेच बोलायचे, घरी मीठ मागतानासुद्धा.
मला त्या दिवसापर्यंत वाटायचं
ओरडायला आम्ही शिकलो.

आता तौफिक पुण्यात आहे, श्रीलताचा फोन लागत नाही,
रेवणच्या कपाळावर झुलपाला जागाच उरली नाही.
मी टॉवेलांचं दुकान बघतो. पोरगी परवा मोबाइल पुढे करून म्हणाली,
पप्पा, हे इमो म्हणजे नक्की काय असतं?
गिऱ्हाईक होतं समोर. नंतर सांगतो म्हटलं.

तो टीशर्ट शेडमध्ये आहे, माग पुसायला.
परवा चौथ्या दिवशी नळ आला तेव्हा
बादलीत बुडवला.
पाणी अजून काळं होतं.